ब्रुनरने बांधलं, मी पाडलं

माझी मुलगी ईरा इथल्या बालवाडीत होती तेव्हा तिच्या बाईंनी एकदा सगळ्या मुलांना विचारलं, तुमची आई काय काम करते? कुणाची आई नर्स होती, कुणाची बेकरीत होती. ईराने उभं राहून सांगितलं, "माइने मामा माख्ट हॉयझर कापुट." माझी आई घरं मोडते. दुसऱ्या दिवशी मला शाळेत बोलावणं आलं. बाई फार जपून, हळू आवाजात विचारत होत्या, घरी सगळं ठीक आहे ना? मी माझं कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं, तेव्हा कुठे त्यांना हायसं वाटलं.

पंचवीस वर्षं झाली, मी जर्मनीत इमारती पाडते. म्हणजे पाडायच्या कशा ते ठरवते. माझे वडील कऱ्हाडला सेंटरिंगचे कॉन्ट्रॅक्टर. त्यांना हे शेवटपर्यंत पचलं नाही. फोनवर म्हणायचे, "बांधायचं शिकायला एवढ्या लांब गेलीस, आणि पाडतेस?" सासूबाई बव्हेरियात, रेगेन्सबर्गला, आमच्याकडे तीन महिने राहायला आल्या तेव्हा त्यांचा प्रश्न जास्त व्यवहारी होता.

"पाडायला कशाला गं इंजिनियर लागतो? चार गडी आणि दोन पहारी."

"अहो आई, इथे पहार लावायच्या आधी दोनशे पानं लिहावी लागतात."

"मग आधी ती पानं पाडा म्हणावं," असं म्हणून त्या भाजी निवडायला बसल्या.

पण ते खरंच आहे. इथे इमारत धाडकन पाडत नाहीत. ती जशी चढली त्याच्या उलट क्रमाने उतरवतात. सगळ्यांच्या आधी आत जाते ती माझ्यासारखी कुणीतरी, हातोडी, ड्रिल आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन. भिंतीचा टवका, फरशीखालचं डांबर, खिडकीच्या काचेभोवतीची पुट्टी, दाराचा रंग, सगळ्याचे नमुने घ्यायचे, चिठ्ठ्या लावायच्या आणि प्रयोगशाळेत पाठवायचे. मग अहवाल लिहायचा, की या इमारतीत विष कुठे कुठे आहे आणि ते कुठे न्यायचं. त्यानंतर मशीन येतं. लाकूड लाकडात, लोखंड लोखंडात, काँक्रीट काँक्रीटमध्ये. आपण रद्दीवाल्यासाठी पेपर वेगळे आणि पुठ्ठे वेगळे बांधून ठेवतो, त्यातलाच प्रकार.

या कामात एक गोष्ट सगळीकडे दिसते. इमारत रिकामी पडलेली असताना तिकडे कुणी फिरकत नाही, आणि पाडायची पाटी लागली की माणसं उगवतात. एका शाळेच्या वेळी एक निवृत्त बाई रोज येऊन बसायच्या. शेवटी त्यांनी त्यांच्या वर्गाच्या दाराची मूठ मागितली. मी ती स्क्रू काढून दिली, तर म्हणाल्या, "ही नाही, आतल्या बाजूची." एका बिअर कारखान्याची चिमणी उतरवताना अख्खं गाव खुर्च्या टाकून बसलं होतं, आणि शेवटची वीट खाली आली तशी लोकांनी आमची हुर्यो उडवली. सवय होते. पण एका माणसाची सवय झाली नाही, आणि त्याच्याबद्दलच लिहायला बसले आहे.

फुटबॉलचा वर्ल्ड कप जर्मनीत झाला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. देशभर फुटबॉलची स्टेडियमं नवी होत होती आणि माझ्या टेबलावर बेसबॉलच्या स्टेडियमची फाइल आली. मी आमचे साहेब विमर यांना म्हटलं, "जर्मनीत बेसबॉल?"

"हो, हो. अमेरिकन सैन्य इथे होतं ना. ते बांधून गेले, आता शहराला तिथे घरं बांधायची आहेत. जुनं आहे, लाकडी आहे. आठवड्याभराचं काम."

रेगेन्सबर्गपासून गाडीने पाऊण तासावर, डोनाउ नदीच्या काठचं एक छोटं शहर. डोनाउ म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातली डॅन्यूब. शहराच्या कडेला बंद पडलेल्या बराकी, आणि त्यांच्या मागे हे मैदान. बेसबॉल ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एवढंच समजावं, की पत्त्यातल्या चौकटसारखी आखणी असते, फलंदाज तिच्या एका टोकाला उभा राहतो, आणि प्रेक्षक त्या टोकाच्या मागे, इंग्रजी व्हीच्या आकाराच्या स्टँडमध्ये बसतात. हे स्टँड सगळंच्या सगळं लाकडाचं होतं. गर्द तपकिरी खांब, तपकिरी बाकं, वर सिमेंटचे पत्रे. गवत मात्र असं कापलेलं, की मी बूट पुसून आत पाऊल टाकलं.

किल्ल्या घेऊन फाटकात एक उंच, वाकलेला म्हातारा उभा होता. निळा डगला, खिशात दुमडलेली सुताराची फूटपट्टी. हे हेर ब्रुनर, म्हणजे श्रीयुत ब्रुनर, मैदानाचे रखवालदार. इथे त्याला प्लाट्झवार्ट म्हणतात, आणि त्या माणसाच्या परवानगीशिवाय मैदानावर गवताचं पातंही हलत नाही. वय अठ्ठ्याहत्तर. पगार केव्हाच बंद झाला होता, काम चालू होतं.

त्यांनी माझं कार्ड लांब धरून वाचलं. माझं आडनाव जाधव. जर्मन लोक त्याचं यादाफ करतात, आणि बाईंना फ्राऊ म्हणतात.

"फ्राऊ यादाफ. तुम्ही पाडणार?"

"मी आधी तपासणार."

"आणि मग पाडणार."

"हो."

"गेनाऊ," ते म्हणाले. बरोबर. आणि पुढे चालायला लागले.

त्या दिवशी त्यांनी मला स्टेडियम दाखवलं ते घर दाखवावं तसं. कागदोपत्री या स्टँडचा एकही नकाशा नव्हता. शहराकडे नव्हता, अमेरिकनांनी ठेवला नव्हता. नकाशा होता तो ब्रुनरांच्या डोक्यात, कारण स्टँड त्यांनी बांधलं होतं. युद्ध संपल्यावर ते कैदेतून घरी आले तेव्हा विशीत होते. सुतारकाम शिकलेले, पण लाकूड नाही, खिळे नाहीत, कुणाकडे काम नाही. अमेरिकनांनी सुतार हवेत अशी पाटी लावली. दुपारचं जेवण मिळणार होतं. ब्रुनर आणि आणखी सहाजण गेले.

"काय बांधतोय ते ठाऊक नव्हतं," ते सांगत होते. "मला वाटलं, परेडचं मैदान असेल. मग त्यांच्यातला एकजण मधे उभा राहिला, त्याने पायाने माती उकरली, थुंकला, टोपी नीट केली, परत थुंकला. पाच मिनिटं काहीच झालं नाही. मी म्हटलं, या लोकांनी आमच्याविरुद्ध युद्ध कसं जिंकलं?"

खाली वाकून त्यांनी मला पाया दाखवला. बॉम्ब पडून वाकलेले रेल्वेचे रूळ सरळ करून त्यांच्यावर खांब उभे केले होते. मागच्या रांगांच्या फळ्या दारूगोळ्याच्या खोक्यांच्या. उलट बाजूला इंग्रजी अक्षरं अजून पुसट दिसत होती. मी टॉर्च घेऊन पोटावर सरकत होते आणि वर बाकावर बसून ब्रुनर त्या शहराचा इतिहास सांगत होते. पहिल्यांदा गावकरी आले ते फक्त गरम डोनट खायला. मग खेळ कळायला लागला. रविवारी चर्च सुटलं की लोक थेट इथे. पुढे गावातल्या पोरांनी स्वतःचा क्लब काढला. बर्लिनची भिंत पडल्यावर काही वर्षांनी अमेरिकन गेले, बराकींना कुलूप लागलं, आणि मैदान शहराकडे आलं. क्लब तेवढा राहिला.

स्टँडच्या खाली, पायऱ्यांच्या आडोशाला, एक लाकडी टपरी होती. तिथे त्यांची बायको रोझी तीस वर्षं सॉसेज आणि कॉफी विकत होती. ती जाऊन चार वर्षं झाली होती. टपरीच्या आत कप अजून ओळीने लावलेले होते.

"पाडल्यावर क्लब कुठे जाणार?" मी विचारलं.

याच प्रश्नाची ते वाट बघत होते. खिशातून त्यांनी चौकटींच्या कागदाची घडी काढली. गावाबाहेर, सांडपाण्याच्या प्रकल्पाशेजारी, शहराने क्लबला नवं मैदान दिलं होतं आणि एक पत्र्याचा कंटेनर. ब्रुनरांनी पेन्सिलने त्या मैदानासाठी एक छोटं स्टँड काढलं होतं. सगळं या जुन्या लाकडातून. प्रत्येक तुळईवर नंबर. शहराने कबूल केलं होतं, की लाकूड चांगलं असेल तर क्लबने न्यावं.

"लाकूड चांगलं आहे," ते म्हणाले. "बघा तुम्ही."

मी बोटांच्या पेरांनी खांब वाजवून पाहिला, वडील सागवान घेताना वाजवायचे तसा. टणटणीत. साठ वर्षांच्या लाकडात एक भोक नाही, कुठे मऊपणा नाही.

"एवढं कसं टिकलं?"

त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी मला शेडमध्ये नेलं. भिंतीवर रुंदीप्रमाणे टांगलेले ब्रश, आणि खाली पत्र्याचे डबे. "दर दोन वर्षांनी, एप्रिल महिन्यात. सगळं स्टँड, खालून आणि वरून. क्लबची पोरं म्हणायची, मशीनने फवारू. मी म्हटलं, फवाऱ्याने होत नाही. हाताने जिरवावं लागतं."

मी वाकून डब्यावरचं नाव वाचलं. ते माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. त्या काळच्या लाकडाच्या औषधात कीड मारणारं विष असायचं. पुढे त्याच्यावर बंदी आली. त्या औषधाने मुरलेलं लाकूड इथे कुणालाही, कशासाठीही पुन्हा वापरता येत नाही. ते खास भट्टीत जाळावं लागतं. पण नमुना तपासल्याशिवाय बोलायचं नाही असा आमच्या धंद्याचा नियम. मी नमुने घेतले, पिशव्या भरल्या, आणि ब्रुनरांनी दिलेली कॉफी पिऊन परत आले.

दहा दिवसांनी निकाल आला. खांब, बाकं, फळ्या, सगळ्यांत विष. मर्यादेच्या जरासं वर नव्हे, कितीतरी पट. इतर कुठल्याही जागी पावसाने बरंचसं धुतलं गेलं असतं. इथे एक माणूस जिद्दीने, हाताने, आत जिरवत होता.

हे फोनवर सांगता आलं असतं. विमर म्हणाले, "पत्र पाठव, संपलं." मी गाडी काढली. ब्रुनर पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, उंचवट्याची माती दाबत होते. त्या मैदानावर आता मॅच होणार नव्हती, तरी. मी सांगितलं. सगळं सांगितलं. लाकूड जाळावं लागेल आणि का, ते.

ते माती दाबायचे थांबले.

"म्हणजे मी ते रंगवलं नसतं, तर?"

"तर कदाचित..."

"तर कुजलं असतं."

"काही कुजलं असतं. काही राहिलं असतं."

मग त्यांनी टपरीकडे पाहिलं. "रोझी तीस वर्षं त्याच्याखाली उभी होती," ते म्हणाले. "शेवटी तिला श्वास पुरत नव्हता. फ्राऊ यादाफ, माझ्या ब्रशने झालं का ते?"

या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. अगदी पुरं नाही, पण बरंच येत होतं. हे औषध घातक ठरतं ते मुख्यतः बंद खोल्यांत, जिथे माणूस रात्रंदिवस तीच हवा घेतो. ती टपरी तीन बाजूंनी उघडी, नदीवरचा वारा आरपार. पण आम्हाला शिकवलेलं असतं, की तब्येतीबद्दल तोंडी काही बोलायचं नाही. उद्या कोर्टात कुणी म्हणेल, तुमच्या इंजिनियरबाई असं म्हणाल्या होत्या. मी म्हणाले, "याबद्दल मला काही सांगता येणार नाही. तुम्ही लेखी विचारलंत तर कार्यालयाकडून उत्तर येईल."

त्यांनी मान हलवली. "आल्झो गुट," म्हणाले. ठीक तर मग. आणि पुन्हा माती दाबायला लागले.

मी घरी आले आणि आठ दिवस दुसऱ्या कामांत राहिले. या आठ दिवसांची मला आजही लाज वाटते. इतक्या वर्षांत चुका पुष्कळ झाल्या. एकदा चुकीची भिंत आधी काढायला सांगितली, एकदा एका घराच्या माळ्यावरची वटवाघळं माझ्या नजरेतून सुटली. पण त्या चुका निस्तरता आल्या. एका म्हाताऱ्या माणसाला, आपण आपल्या बायकोला मारलं की काय, या विचारासोबत आठ दिवस एकटं ठेवायचं, आणि ते नियमाला धरून, हे कुठल्या अहवालात दुरुस्त करता येत नाही.

सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. नवव्या दिवशी जेवताना त्या म्हणाल्या, "तुझं लक्ष कुठंय? आमटीत दोनदा मीठ घातलंस." मी त्यांना सगळं सांगितलं. त्या घास हातात धरून ऐकत होत्या.

"तुला उत्तर ठाऊक आहे?"

"बरंचसं."

"मग इथं काय करतेस?" त्या म्हणाल्या.

मी गेले. ब्रुनर मैदानावर नव्हते. गवत वाढलेलं पाहून मी घाबरलेच. ते टपरीत बसले होते, कप कागदात गुंडाळून खोक्यात भरत होते. मी उंबऱ्यावर बसले.

"हेर ब्रुनर, मागच्या वेळी मी कार्यालयासारखं बोलले. आता माझ्या वडिलांनी विचारलं असतं तर त्यांना जे सांगितलं असतं, ते सांगते." आणि सांगितलं. बंद खोली, उघडी हवा, सगळं. "खात्रीने नाही असं मला म्हणता येणार नाही. ते कुणालाच म्हणता येणार नाही. पण ते ब्रशने झालं असेल, असं मला वाटत नाही. मनापासून वाटत नाही."

त्यांनी एक कप गुंडाळून ठेवला, दुसरा घेतला. "ती अठरा वर्षांची असल्यापासून सिगारेट ओढायची," ते म्हणाले. "हे मी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. तिने शपथ घातली होती." मग डगल्याच्या बाहीने त्यांनी डोळे पुसले, आणि मी बाहेर मैदानाकडे बघत बसले.

थोड्या वेळाने मी विचारलं, आणि खरं सांगते, काही योजून विचारलं नाही, नुसतं बोलायला काहीतरी हवं होतं म्हणून विचारलं. "सगळंच रंगवायचात? एकही जागा सुटली नाही?"

 ब्रुनरांचे कान लाल झाले. एखाद्या सुताराला, तुमचा काटकोन चुकलाय म्हटल्यावर व्हावं तसं.

"वरचं," ते शेवटी पुटपुटले.

"वरचं काय?"

"छपराच्या कैच्या. रंगवायला सुरुवात केली त्याच वर्षी, वर पोचायच्या आधीच मी शिडीवरून पडलो, घोटा मोडला. रोझीने माझी मोठी शिडी परस्पर फायर ब्रिगेडला देऊन टाकली. मग पंचेचाळीस वर्षं वर गेलो नाही. खालून कुणाला दिसत नाही. पण मला माहीत होतं." त्यांनी मान खाली घातली. "दर एप्रिलला मला लाज वाटायची."

मी उठून उभी राहिले. छपराच्या कैच्या म्हणजे पत्रे पेलणारे त्रिकोणी सांगाडे, स्टँडमधलं सगळ्यांत जाड, सगळ्यांत लांब लाकूड. वर पत्रे असल्याने पाऊस कधी न लागलेलं. मी ते तपासलंच नव्हतं. बाहेरच्या बांधकामाचं जुनं लाकूड दूषित धरूनच चालायचं असा नियम असतो, आणि खालचे सगळे नमुने आल्यावर वर चढायची गरज कुणालाच वाटली नव्हती. मलाही नाही.

विमर म्हणाले, "हे आपल्या कामात बसत नाही." मी म्हटलं, बसत नसेल तर माझ्या सुट्टीत बसवते. ते म्हणाले, "हेल्मेट घालून चढ." उचलणारी गाडी आणून मी वर गेले. कैच्यांवर धूळ होती, चिमण्यांची घरटी होती आणि सुतारांनी पेन्सिलने लिहिलेले आकडे होते. प्रत्येक तुळईत तीन ठिकाणी ड्रिल मारलं. खाली ब्रुनर टोपी हातात घेऊन उभे होते. सहा दिवसांनी निकाल आला, तेव्हा मी तो दोनदा वाचला आणि मग त्यांना फोन केला.

"हेर ब्रुनर, वरचं लाकूड स्वच्छ आहे. अकराच्या अकरा कैच्या."

 पलीकडून एक आवाज आला, आधी मला वाटलं खोकताहेत. ते हसत होते. हसता हसता म्हणत होते, "जे केलं नाही तेच! रोझी, ऐकतेस का? जे केलं नाही तेच!"

सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस होतं, म्हणून ते उतरवायला पांढऱ्या सूटमधली माणसं आली, त्याला चार दिवस लागले. कैच्या मात्र क्रेनने, एकेक, हाताने खिळे काढून उतरवल्या. शिडीवर चढायला ब्रुनरांना परवानगी नव्हती. ते खाली उभे राहून सांगायचे, कुठला बोल्ट आधी, कुठली पाचर मागून ठोकायची, आणि वरची तिशीतली माणसं निमूट ऐकायची. शेवटची कैची ट्रकवर गेली आणि मशीन खालच्या खांबांना भिडलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, चला, हे बघू नका. ते म्हणाले, "का? उभं राहताना मी होतोच की." ते शेवटपर्यंत उभे राहिले. साठ वर्षं उभं असलेलं स्टँड जायला एक सकाळ पुरली.

दोन उन्हाळ्यांनंतर घरी एक पत्र आलं. जाड, तिरप्या अक्षरातलं. नव्या मैदानावरच्या स्टँडचं उद्घाटन होतं. मी ते पत्र ऑफिसात नेऊन विमरना दाखवलं. तीस वर्षं या धंद्यात असलेला तो माणूस म्हणाला, "मला कधीच कुणी उद्घाटनाला बोलावलेलं नाही." मलाही नव्हतं. पाडणाऱ्याला कोण बोलावणार?

मी आणि ईरा गेलो. पाठीमागे सांडपाण्याच्या टाक्या, पुढे छोटंसं हिरवं मैदान, आणि मधे ते स्टँड. लहान, चार रांगांचं. वर मात्र त्या कैच्या. कोवळ्या पिवळ्या फळ्यांवर काळपट, जुन्या, न रंगवलेल्या. शहराचे कुणी साहेब बोलले, क्लबचे अध्यक्ष बोलले. मग ब्रुनरांना माइक दिला. ऐंशीच्या वरचे झाले होते, काठी आली होती. त्यांना भाषण येत नव्हतं. त्यांनी गर्दीत मला शोधलं आणि काठी माझ्याकडे रोखली.

"ती तिथे उभी आहे ना, निळ्या कोटातली, ती फ्राऊ यादाफ. आपलं जुनं स्टेडियम तिने पाडलं."

सगळ्यांनी वळून पाहिलं. ईराने माझा हात घट्ट धरला. कुठे बघावं ते मला कळेना.

"आणि नीट पाडलं," ब्रुनर म्हणाले, आणि माइक परत देऊन टाकला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बव्हेरियातली माणसं तशी लगेच टाळ्या वाजवत नाहीत. पण पुढच्या बाकावरच्या दोन बायका काही न बोलता सरकल्या आणि आम्हा दोघींना मधे जागा करून दिली.